मुंढ्याची शिवण

गुढीपाडवा झाला की दुकानात पिशव्या यायला लागतात. प्रत्येक पिशवीत एक साडी, ब्लाऊजपीस, अस्तर आणि मापाचा ब्लाऊज. मापाचा ब्लाऊज म्हणजे त्या बाईला आजवर सगळ्यांत चांगला बसलेला. बहुतेक वेळा त्याचा रंग उडालेला असतो, काखेत तो विटलेला असतो, पण बाई तो हातात देताना दागिना दिल्यासारखा देते. "भाभी, ह्याच्यागतच बसाय पायजे बघा." मी पिशवीला चिठ्ठी लावते, लग्नाची तारीख टाकते आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवते. वैशाख जवळ आला की एकेका खिळ्यावर तीन-तीन पिशव्या लोंबायला लागतात. यंदाही लोंबतायत. पूर्वी त्या भरलेल्या खिळ्यांकडे बघून मला हुरूप यायचा. आता बघूनच दमायला होतं.

शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या गल्लीत, आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. तीस वर्षं झाली. पेठेतल्या बायका मला भाभी म्हणतात. माझं नाव शमशाद आहे हे निम्म्याजणींना ठाऊक नसेल. या तीस वर्षांत मी सगळ्यांत जास्त वेळा बोललेलं वाक्य कुठलं, तर "हात वर करा." माप घ्यायला बाई समोर उभी राहिली की आधी तेच. कुणी लाजत करते, कुणी बांगड्या खळखळवत करते, कुणी फोनवर बोलता बोलता एकच करते आणि मग मला दुसऱ्यासाठी ओरडावं लागतं. हात वर करणं ही काही करायची गोष्ट असते, असं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

गाठ लागली ती त्याच्या आधीच्या मार्गशीर्षात, आंघोळ करताना. आमच्या घरातले महिने वेगळे, पण माझं दुकान चालतं ते गिऱ्हाइकांच्या पंचांगावर. मार्गशीर्षात लग्नं, पौषात सामसूम. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, कागद समोर ठेवला, समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, लगेच ऑपरेशन करून घेऊ. मी म्हटलं, "पौष लागू दे." त्यांना वाटलं मी मुहूर्त बघतेय. "अहो, तुम्हाला कसला पौष?" त्या चिडूनच म्हणाल्या. त्यांना कसं सांगणार, की खिळ्यांवर सतरा नवऱ्या लटकल्या होत्या! मी घरी आले, मशीनवर बसले आणि सतराच्या सतरा ब्लाऊज हूक-काज करून पोचते केले. प्रत्येक नवरीची आई म्हणाली, भाभी, तुमच्या हाताला तोड नाही. तो महिना थांबले ते माझ्या अंगावर आलं का, हे मी डॉक्टरीणबाईंना आजपर्यंत विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

उजवा स्तन काढला आणि काखेतल्या गाठीही काढल्या. पहिल्यांदा पट्टी बदलली तेव्हा नर्स म्हणाली, नको वाटलं तर बघू नका. मी बघितलं. काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत एक तिरपी रेघ. टाके बारीक आणि एकसारखे. रडू यायच्या आधी माझ्या मनात काय आलं असेल, तर बाईंचा हात चांगला आहे. मग रडू आलं.

घरी पाठवताना त्यांनी एक कागद दिला होता. हात कसा हलवायचा, किती वेळा, पहिल्या आठवड्यात काय, दुसऱ्या आठवड्यात काय, सगळी चित्रं काढलेली. डॉक्टरीणबाईंनी तोंडानेही सांगितलं होतं. मी मान डोलवली आणि कागद उशीखाली ठेवला. कारण मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं असं मला वाटत होतं. ब्लाऊजमध्ये मुंढा ही सगळ्यांत नाजूक जागा. अंग आणि बाही जिथं जोडली जाते, ती काखेची गोलाई. नवा ब्लाऊज घालून बाईनं झटक्यात हात वर केला की पहिलं तिथंच उसवतं. प्रत्येक नवरीला मी बजावते, अक्षता टाकून होईपर्यंत हात जपून गं बाई. आणि माझ्या स्वतःच्या काखेत ताजी शिवण असताना मी ती ताणणार होते?

आमचे हे शाहूपुरीत गाड्यांची सीटं शिवतात, कुशनचं काम. त्यांचंही तेच मत पडलं. "नवी शिवण हाय, ऱ्हाऊ दे हात जाग्यावर. उसवलं तर परत टाकं कोण घालणार?" त्यांनी माझ्याच एका जुन्या ओढणीची झोळी शिवली, दुहेरी शिलाई मारून, आणि माझा हात तिच्यात घालून गळ्यात अडकवला. झोळी सुरेख झाली होती. दोघंही शिवणारे, दोघांनाही एकच शहाणपण. मध्ये काखेत दोनदा पाणी साठलं, ते काढावं लागलं, तेव्हा तर आमची खात्रीच पटली की हात हलवला म्हणूनच हे झालं. मी आणखी घट्ट धरून बसले. असे दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांतलं मला काय आठवतं? दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत यायचं आणि परत जायचं. मशीनवर चादर टाकलेली होती. बाहेर पेठेत फुटबॉलचे दिवस. मॅच जिंकून पोरं गल्लीतून जायची, फटाके, गुलाल, आणि सगळ्यांचे हात वर. खिडकीतून मला माणसं दिसायची नाहीत, नुसते वर गेलेले हात दिसायचे. मला त्यांचा राग यायचा. कसला राग, त्या पोरांनी माझं काय केलं होतं? पण यायचा.

दुखणं कसं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला हात लावला तर काही कळायचं नाही, बधिर. आणि तीच जागा आतून भाजल्यासारखी जळायची. जे काढून टाकलं होतं, तिथं खाज सुटायची. खाजवणार कुठं? छातीभोवती कुणीतरी दोन नंबर लहान ब्लाऊज चढवून मागून हूक लावल्यासारखं वाटायचं, आणि तो काढायची सोय नव्हती. हाताखाली उशी, पाठीमागे उशी, पोटावर उशी. केस विंचरायचं काम यांच्याकडं आलं. रेक्झिन ओढायची सवय. वेणी अशी आवळायचे की माझ्या भुवया वर जायच्या. पण त्यांची बोटं मानेला लागायची ते बरं वाटायचं, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

आणि मी कुणाला सांगितलंही नव्हतं. पेठेत विचारलं तर खांद्याची गाठ काढली म्हणायचे. सगळ्या गल्लीच्या छातीची मापं माझ्या वहीत, कुणाची कधी वाढली आणि कुणाची कधी उतरली ते मला ठाऊक, आणि माझी एक बाजू गेली हे मला एकीलाही सांगता येईना. लाज वाटत होती. कशाची ते विचारू नका.

होळी झाली आणि शेक सुरू करायची वेळ आली. शेक म्हणजे किरणांचा उपचार. दवाखान्यात सगळे शेकच म्हणतात. त्याच्या खोलीत एक अरुंद टेबल आहे. त्यावर मला झोपवलं आणि तिथली मुलगी म्हणाली, "काकू, हात वर करा. डोक्याच्या वर, या खोबणीत ठेवा."

माझंच वाक्य.

मी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. मुलीनं कोपराला धरून जरा वर नेला तर मी अशी ओरडले की बाहेर बसलेले आमचे हे दार ढकलून आत आले. मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझा हात बघितला, झोळी बघितली, आणि खुर्ची ओढून बसल्या. हात डोक्यावर गेल्याशिवाय किरण छातीवर नीट टाकता येत नाहीत, त्या म्हणाल्या. हात मध्ये येतो. "तीन आठवडे देते. त्याच्यापुढं थांबणं धोक्याचं आहे. आजार आपल्यासाठी थांबत नाही." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पहिला उशीर माझा होता. आता दुसराही माझाच. रिक्षात यांनी ती झोळी माझ्या गळ्यातून काढून घडी करून मांडीवर ठेवली होती, आणि तिच्यावरून सारखा हात फिरवत होते.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडं जायला लागले. लहानखुरी, चष्मेवाली, हात मात्र पैलवानाचे. तिनं दंड धरला तसं मी म्हटलं, "बाई, जरा जपून. टाके उसवतील."

"कुठले टाके?" ती म्हणाली.

"काखेतले."

"काकू, ते कधीच विरघळले. दीड महिना झाला असेल."

"मग आता धरलंय कशानं?"

"तुमच्याच कातडीनं. आतलं मांस जुळून आलंय. आता ते उसवत नाही."

मी तिच्याकडं बघतच राहिले. जी शिवण मी श्वास रोखून सांभाळत होते ती तिथं नव्हतीच. तीस वर्षांत दोऱ्याशिवाय टिकलेली शिवण माझ्या पाहण्यात आलेली नाही. मला कसं सुचावं ते? पण सुचलं नाही म्हणून हात आखडायचा राहत नाही. तिनं हात बाजूला ताणला तशी काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली एक दोरी ताठ उभी राहिली. मशीनमध्ये दोरा अडकून कापड चुण्या धरतं, तसा माझा सगळा दंड त्या दोरीवर गोळा झाला होता. "हिलाच सैल करायचंय," ती म्हणाली, आणि अंगठ्यानं दाबत निघाली. मी मोठ्यानं रडले. बाहेर रांग होती, त्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

तिनं आणखी एक बजावलं. या हाताला सुई टोचू द्यायची नाही, चटका नको, ओरखडा नको. काखेतल्या गाठी काढल्यामुळं हात सुजतो आणि मग सूज उतरत नाही. "तुम्ही काय काम करता, काकू?" मी सांगितलं. ती माझ्याकडं बघून हसली, मग मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते, छाती दुखली.

घरी करायचा व्यायाम भिंतीचा होता. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं टेकवायची आणि एकेक बोट वर चढवत न्यायचं, जमेल तिथपर्यंत. मग थोडं थांबायचं, मग हळूहळू खाली. दिवसातून पाच वेळा. खिळ्यांच्या शेजारी भिंतीचा एक पट्टा मोकळा होता. पहिल्या सकाळी जिथं हात अडला तिथं मी डाव्या हातानं कापडावर मारायच्या खडूची एक रेघ मारली. खांद्याच्या खाली चार बोटं. त्या रेघेकडं बघून मला रागापेक्षा कंटाळाच जास्त आला. एवढीशी उंची, आणि तिच्यासाठी एवढं दुखणं.

रेघा काही रोज वर गेल्या नाहीत. तीन दिवस एकावर एकच रेघ पडली. एकदा तर आदल्या दिवसाच्या खाली पडली, तेव्हा मी खडू फेकला आणि दिवसभर झोपून राहिले. संध्याकाळी यांनी तुकडे गोळा करून मशीनच्या खणात ठेवले.

तोवर रमजान अर्धा सरला होता. आजारी माणसाला रोजे माफ असतात, तसे मला होते. नमाज मी खुर्चीवर बसून पढायचे. नमाजच्या सुरुवातीलाच दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलायचे असतात. डावा जायचा. उजवा छातीशीच अडायचा. अल्लाहला सगळं दिसतं, त्याच्यापुढं मी कधी लाजले नाही. पण एक हात वर आणि एक अर्ध्यात, अशी रोज पाच वेळा बसलेली मी मलाच बघवत नव्हते. त्यात थकवा होता. झोपून जाणारा नव्हे. झोपून उठलं तरी हाताशी बसून राहिलेला.

पाडव्याच्या आसपास इंदूमावशी आल्या. पेठेतल्याच, सत्तरीच्या, माझं पहिलं गिऱ्हाईक. नातीच्या लग्नाचा शालू घेऊन आल्या होत्या. आल्या आल्या माझ्या हाताकडं बघितलं. "काय गं भाभी, हात काय मखरात बसवलायस व्हय? हलीव की जरा."

"हलवतेय, मावशी. पण एवढ्यात शिवायला न्हाय जमणार."

"तू न्हाय शिवलंस तर कोण शिवणार? पोरगी तुज्याशिवाय दुसरीकडं माप द्यायला तयार न्हाय." मग त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं. "ह्या कसल्या रेघा? पोरांची उंची व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "नातवाची."

"मिरजंला ऱ्हातोय त्यो? लईच वाढतंय की पोरगं!" मावशी कौतुकानं रेघांकडं बघत राहिल्या. मी मान खाली घातली. त्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येकीनं तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. माझा नातू पेठेत उंचीसाठी गाजला. नातीचा ब्लाऊज मावशींनी शेवटी दुसरीकडून शिवून आणला. लग्नात बघितला. मुंढा दोन्हीकडं चुकला होता. मी तोंड फिरवलं.

तीन आठवडे भरले त्या दिवशी शेवटची रेघ माझ्या डोक्याच्या वर एक वीत होती. हात सरळ नव्हता, कोपरात वाकलेला होता. पुरेल का, ते मला ठाऊक नव्हतं, यांनाही नव्हतं. पुन्हा तेच टेबल, तीच मुलगी. "हात वर करा, काकू."

हात निघाला. छातीशी आला, खांद्याशी आला, तिथं ती दोरी ताणली. "अजून थोडं," मुलगी म्हणाली. किती बायकांना मी हे "अजून थोडं" म्हटलं असेल, तोंडात टाचण्या धरून, त्यांच्याकडं न बघता. "अजून थोडं, काकू. बास, बास. बसला." हात खोबणीत बसला होता. मग तिनं माझ्या छातीवर पेनानं खुणा केल्या. इथं फुली, इथं रेघ, मोजून. मी कापड कापायच्या आधी करते तशाच, अगदी तशाच. "या पुसू देऊ नका," ती म्हणाली आणि सगळे बाहेर गेले. दार बंद झालं. हलायचं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, आणि मला एवढंच कळत होतं की हात वर आहे. पंधरा दिवस रोज तो वर गेला.

लोकांना वाटतं तिथं गोष्ट संपली. संपत नाही. आज वर्ष झालं, हात डोक्याच्या वर जातो. पूर्वीपेक्षा दोन बोटं कमीच जातो, पण जातो. दुपारनंतर तो जड होतो, कात्री खाली ठेवावी लागते. पाहुणे आले, दोन दिवस भिंतीपाशी उभी राहिले नाही, की ती दोरी परत हजर. मग परत भिंत, परत बोटं. आता नमाजला हात बरोबर उठतात. बोटात लोखंडी टोपी घातल्याशिवाय सुई धरत नाही. मापाचे ब्लाऊज यायला लागलेत, पण मी निम्म्याच पिशव्या घेते. पुढच्या महिन्यात तपासणीची तारीख आहे. तिचा विचार मी कात्री चालू असताना करते, म्हणजे फार वेळ करता येत नाही. कंटाळा आलाय, खरं सांगते. बरं होण्याचासुद्धा कंटाळा येतो.

गेल्या आठवड्यात कळंब्याहून एक बाई आली. चाळिशीची, शाळेत शिकवणारी. पिशवीत साडी होती, ब्लाऊजपीस होतं, अस्तर होतं. मापाचा ब्लाऊज नव्हता.

"विसरलात व्हय?"

"नाही," ती म्हणाली. "जुने आता बसत नाहीत."

मी टेप घेतली आणि सवयीनं म्हणून गेले, "हात वर करा." तिचा डावा हात वर गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि थांबला. तिनं डावा खाली घेऊन पदर घट्ट धरला आणि नजर माझ्यावरून काढून भिंतीकडं नेली.

"ही मुलांची उंची का?" ती म्हणाली. तिला काहीतरी बोलायचं होतं, एवढंच.

वर्षभर या प्रश्नाला मी नातवाला पुढं केलं होतं. आताही तोच जिभेवर आला. तिचा हात अजून तिथंच होता, अर्ध्यात.

"न्हाय," मी म्हटलं. "माझ्या हाताची हाय."

ती जागची हलली, भिंतीपाशी गेली आणि तिनं निरखून सगळ्यांत खालच्या रेघेकडं बघितलं, मग वरच्या, मग पुन्हा खालच्या. मग तिनं पदर सोडला आणि उजव्या हाताची बोटं भिंतीला टेकवली.

मी मशीनचा खण उघडून खडू शोधायला लागले.